आधी उरलेलं काढा

एकदा एका बाईच्या घरी लग्न निघालं आणि घरातलं होतं नव्हतं ते सगळं काढूनही ते लग्नाला पुरेना. अशी लग्नं आपल्याकडे पैशाला पासरी, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण ही गोष्ट इथली नाही. सुमात्रा बेटाच्या अगदी टोकाला आचे नावाचा मुलूख आहे, तिथल्या एका नदीकाठच्या गावातली आहे. माणसं मुसलमान, घरं लाकडी खांबांवर उभी केलेली, आणि जेवणावळीला तिकडेही कंदुरीच म्हणतात.

तिथली एक रीत आधी समजून घ्यायला हवी. तिकडे लग्न झालं की मुलगी सासरी जात नाही. जावई बायकोच्या घरी राहायला येतो. हे ऐकून कोणाला हायसं वाटलं असेल तर वाटू द्या, पण टोमणे मारायला एका छपराखाली राहावं लागतं असं थोडंच आहे? टोमणा नदी ओलांडून येतो, आणि कोरडाच्या कोरडा येतो.

त्या बाईचं नाव रुकय्या. नवरा होडी घेऊन समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. ती मासळी उकडायची, उन्हात वाळवायची आणि बाजारात विकायची. तिच्या अंगाला तो वास कायमचा चिकटलेला होता आणि तिला त्याची लाज नव्हती. एकच मुलगी, इन्तान. तिचं लग्न नदीपलीकडच्या गावात ठरलं. मुलगा सुतारकाम करणारा, शांत. पण त्याची आई लहानपणीच गेलेली, आणि आत्याने त्याला वाढवलेला. आत्या शांत नव्हती.

ठरावाच्या दिवशी विड्याची पानं फिरवून झाली, सगळे गोड बोलून उठले आणि जिना उतरता उतरता आत्या रुकय्याला म्हणाली, "आमची माणसं पुष्कळ येतील हो. आणि आमच्या माणसांना खोड आहे, काहिलीचा तळ दिसल्याशिवाय उठत नाहीत." मग हसली. "तळ लवकर दिसला तर पोराचं अंथरूण आमच्याकडे अजून घातलेलंच आहे."

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्या खोऱ्यात एका घरी खरोखरच तसं झालं होतं. रस्सा कमी पडला, मुलाकडच्यांनी ताटं पालथी घातली आणि जावयाला सोबत घेऊन गेले. पुढे तो आला, संसारही झाला. पण त्या घराला लोक आजही 'अर्ध्या ताटाचं घर' म्हणतात. जावई पाय रोवून राहणार की पाहुण्यासारखा दारातली चप्पल बघत राहणार, हे तिकडे पहिल्या जेवणावर ठरतं. रुकय्याची भीती ही एवढी होती. मांडव कसा, गाणं कोणतं, याची तिला पर्वा नव्हती.

तिने दुसऱ्याच दिवशी पानं घेऊन नेकचं घर गाठलं.

नेक म्हणजे आजी. ती कोणाची सख्खी आजी नव्हती, पण त्या खोऱ्यात कोणाच्याही घरी कार्य निघालं की पहिली पानं तिच्याकडे जायची. किती काहिली चढवायच्या, कोणाला कुठे बसवायचं, रुसलेल्या काकाला कोणी आणायला जायचं, हे तिचा शब्द प्रमाण मानून ठरे. बोलायची कमी. पान चघळत ऐकायची आणि शेवटी एखादं वाक्य टाकायची. ते वाक्य घेऊन माणूस घरी जायचा आणि रात्रभर त्याचा अर्थ लावत बसायचा.

नेकच्या हाताखाली मर्दिया नावाची एक तरुण बाई शिकत होती. हाताला चलाख, तोंडाला फटकळ. चार वर्षं तिने नेकच्या मागे भांडी वाहिली होती. मर्दियाचा एक हट्ट होता: अन्न उरता कामा नये. त्याला कारणही होतं. तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात बापाने हौसेला मोल नाही म्हणत भाताचं खाचर विकलं. कंदुरी अशी झाली की गावाने नाव काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मर्दिया मागच्या दारी गेली तर भाताचा ढीग पडलेला आणि शेजारची बदकं त्यात पाय रोवून खात उभी. खाचर गेलं ते बदकांच्या पोटात, हे तिने तेव्हा मनात कोरून ठेवलं. तेव्हापासून तिचं एकच सूत्र होतं. उरलं म्हणजे चुकलं.

रुकय्याचं सगळं ऐकून नेकने पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि मर्दियाकडे पाहून म्हणाली, "हे कार्य तू बसव."

मर्दियाने ते बसवलं, आणि असं बसवलं की खोट काढायला जागा ठेवली नाही. शहरातून भाड्याने येणारा नवरानवरीचा मंच तिने नाकारला. त्याऐवजी गावातल्या म्हाताऱ्यांच्या पेट्यांतून जरीच्या कशिद्याचे मखमली पडदे निघाले, ते भिंतींवर लावायचे ठरले. ताटंवाट्या गावाच्या नमाजघरात असतातच, त्या सामायिक. दागिने नवरीच्या मावशीचे. कर्णा नको. बकरे मोजके, आणि रश्शाला भर म्हणून गल्लीतल्या झाडांच्या कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, आणि केळीचा गाभा. तिकडे कंदुरीचा रस्सा पुरुष रांधतात, अंगणात, भल्यामोठ्या काहिलींत; तेव्हा आचाऱ्याची मजुरी हा प्रश्नच नव्हता.

रीतीप्रमाणे एका संध्याकाळी शेजारीपाजारी रुकय्याच्या घरी चटईवर बसले आणि कामं वाटून घेतली. लाकडं कोण फोडणार, नारळ कोण खवणार. बुस्तामी नावाचा एक जाडजूड मासेमार काहिलीचा मुख्य होता. मर्दियाने त्याला बकरे किती ते सांगितल्यावर तो डोकं खाजवत म्हणाला की हरकत नाही, नदी जवळच आहे, रश्शाला पाणी फुकट मिळेल. सगळे हसले. रुकय्या हसली नाही. ती सगळ्यांपुढे चहाचे पेले ठेवत होती, आणि प्रत्येक पेला ठेवताना माणसाच्या तोंडाकडे बघत होती, हा माणूस किती खात असेल म्हणून.

सगळे गेल्यावर मर्दियाने नेकला पुन्हा एकदा सगळं सांगितलं. मुलाकडची माणसं, गल्लीतली माणसं, नमाजघरातली वडीलधारी, ढोलवाले. प्रत्येक तोंडाला काय आणि किती. सांगताना तिचा आवाज चढत गेला. आपण केलेलं काम चांगलं झालं आहे हे माणसाला कळतंच, आणि ते लपवणारा ढोंगी असतो.

नेक ऐकून म्हणाली, "चांगलं बसवलंस. उरणार किती?"

"काही नाही, नेक. एक शीतसुद्धा नाही."

नेकने मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की आणखी कशासाठी, हे मर्दियाला कळलं नाही. तिने ते हो धरलं.

लग्नाच्या दिवशी उजाडताच अंगणात चुली पेटल्या. मसाल्याचा वास नदीपर्यंत गेला. वर माजघरात बायकांनी जरीचे पडदे लावले आणि मासळीच्या वासाचं ते घर आतून एखाद्या जुन्या सुलतानाच्या दालनासारखं दिसायला लागलं. इन्तानला पिवळ्या रेशमात बसवलं होतं. ती हलली की दागिने वाजत, म्हणून ती हलतच नव्हती.

पहिली काहील उतरली. बुस्तामीने झाकण काढलं आणि तेवढ्यात नेक जिना उतरून आली. तिच्या हातात घरातलं सर्वात मोठं पितळी ताट होतं.

"यात वाढ," ती बुस्तामीला म्हणाली.

बुस्तामीने पळीभर वाढलं. नेक म्हणाली, आणखी. त्याने वाढलं. नेकने बोटाने दाखवलं, हा तुकडा नको, तो, मांडीचा, चरबीवाला. मग ती भाताच्या हंड्याकडे वळली आणि वरचा मोकळा, वाफाळता भात भरभरून घेतला. त्यावर हळदीचा पिवळा चिकट भात, जो त्या लोकांत शुभकार्याला लागतो. वाळवलेल्या मासळीचं कालवण, फळं. ताट उचलायला दोन बायका लागल्या. वर नेऊन नेकने ते माजघराच्या मध्यावर ठेवलं, नवरानवरीच्या आसनासमोर, जिथून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल. त्यावर वेताचं निमुळतं उंच झाकण घातलं, आणि झाकणावर जरीचा लाल कपडा.

मर्दिया मागोमाग आली होती. तिने विचारलं, "हे कोणासाठी?"

"अजून ठरलं नाही," नेक म्हणाली.

"नेक, हे माझ्या हिशोबात नाही."

"ठाऊक आहे."

मर्दियाच्या पायाखालची फळी हलल्यासारखी झाली. तिने तोंडं मोजून अन्न बसवलं होतं. त्यातलं सर्वांत चांगलं, पाहुण्याच्या पहिल्या घासाच्या आधी, ही म्हातारी काढून बसली होती. आणि कोणासाठी ते तिलाच माहीत नाही. दारात रुकय्या उभी होती. तिने त्या ताटाकडे पाहिलं, नेककडे पाहिलं, आणि खाली गेली. तिच्या चेहऱ्यावर रागही नव्हता. बाजारात शेवटची टोपली विकली जात नाही तेव्हा असतो तसा चेहरा होता.

खाली बायकांत कुजबुज झाली. एकजण म्हणाली, वय झालं आता नेकचं. दुसरी म्हणाली, वय नाही, भूक. रात्री स्वतः खाईल. मर्दियाने त्यांना गप्प केलं, पण मनातून ती त्यांच्याच बाजूची होती. गुरूबद्दल पहिल्यांदा मनात वाईट येतं तेव्हा शिष्याला स्वतःचीच भीती वाटते. मर्दियाला ती वाटली, आणि तिने ती कामात गाडून टाकली.

दुपार व्हायला आली आणि मुलाकडचे आले. पुढे पिवळ्या छत्रीखाली नवरा, घामाघूम, मान खाली. मागे माणसंच माणसं. मर्दियाने जिन्यावरून पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. सांगितली होती त्याहून कितीतरी जास्त होती. आत्याने गावच उचलून आणलं होतं. काठी टेकत येणारे म्हातारे, कडेवरची पोरं, येतायेता वाटेत भेटलेले. आत्या स्वतः जांभळ्या रेशमात, हातात चांदीचा पानाचा डबा. जिना चढताना तिने आधी अंगणातल्या काहिलींकडे नजर टाकली, मग विहिणीकडे.

चटयांवर सगळे बसले. तिकडे चारपाच जणांत मिळून एक तबक मांडतात आणि सगळे त्यातूनच जेवतात. तबकं गेली, रिकामी आली, भरून पुन्हा गेली. रस्सा चांगला झाला होता, हीच पंचाईत होती. बुस्तामीने पाणी घातलं नव्हतं. पैज लावून रांधावं तसं रांधलं होतं.

मधल्या तबकाशी बसलेली आत्या थोडं खात होती आणि पुष्कळ बघत होती. रुकय्या जवळून जाताना ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "विहीणबाई, रस्सा फार चांगला झालाय हो. आणखी येऊ द्या. आमची माणसं आत्ता कुठे बसलीत."

रुकय्या 'हो हो' म्हणत खाली आली. तिच्या मागे मर्दिया. शेवटच्या काहिलीत बुस्तामीची पळी फिरत होती आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला होता. ज्याने कधी लग्नात वाढलं आहे त्याला तो आवाज झोपेतही ओळखू येतो.

"आता येईल तो फणस," बुस्तामी हळूच म्हणाला. "बकरा संपला. आणि फणसही फार नाही."

रुकय्या चुलीशी खाली बसली. तिने डोळ्यांना पदर लावला नाही, काही केलं नाही, फक्त बसली. वरून आत्याचा आवाज आला, "येतंय ना?"

मर्दिया जिना चढून थेट नेकपाशी गेली. नेक त्या झाकलेल्या ताटाशेजारी मांडी घालून पान लावत बसली होती.

"नेक, ताट उघडते."

"नाही."

"रुकय्यामावशीची अब्रू चाललीय."

"अजून गेली नाही."

"मग ठेवलंय कोणासाठी? सुलतान येणार आहे का जेवायला?" मर्दियाचा आवाज दबका होता. तिने वाकून जरीच्या कपड्याला हात घातला.

नेकने आपला सुरकुतलेला हात तिच्या हातावर ठेवला. जोर लावला नाही. "तू घाईने उघडलंस तर सगळ्यांना कळेल की हेच शेवटचं. थांब. मी विचारून येते."

म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली, माणसांच्या ओळींतून वाट काढत आत्यापुढे जाऊन बसली. मर्दियाचा हात तसाच कपड्यावर राहिला. बोलणं थांबत गेलं, कारण नेक उठली की काहीतरी असतं हे त्या खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं.

"बाई," नेक आत्याला म्हणाली, "ते ताट राखून ठेवलंय. भरलेलं आहे. तुझ्या माणसांचं पोट भरलं नसेल तर आत्ता उघडते. तू सांगशील तसं."

सगळ्यांच्या माना त्या ताटाकडे वळल्या. मधोमध ते उंच झाकण, त्यावरची जर खिडकीतून येणाऱ्या उन्हात चमकत होती. तळ बघायला आलेल्या बाईपुढे म्हातारीने कळस ठेवला होता.

आत्याने त्या झाकणाकडे पाहिलं. मग आपल्या माणसांकडे पाहिलं. त्यातले निम्मे बोटं चाटत होते. मग नेकच्या डोळ्यांत पाहिलं, खरं की खोटं ते शोधायला. नेक पान चघळत स्वस्थ बसली होती.

"नको, नको," आत्या म्हणाली. "राहू दे. तुडुंब झालं."

तिच्या शेजारच्या म्हाताऱ्याने हात धुवायचं भांडं पुढे ओढलं. त्याचं बघून दुसऱ्याने. कोणीतरी ढेकर दिली, कोणीतरी म्हणालं की रुकय्याचा हात सढळ आहे. मागून फणसाचा रस्सा आला तो लोकांनी चवीपुरता घेतला; एवढं ताट शिल्लक असताना फणसावर कोण तुटून पडणार? जे उशिरा आले होते त्यांनाही तो पुरला. तळ कोणाच्याच दृष्टीस पडला नाही.

ऊन उतरलं तशी मुलाकडची माणसं निघाली. नवरा मागे राहिला. जिन्याच्या खाली त्याने चपला काढल्या आणि त्या भिंतीला नीट लावून ठेवल्या, जसा राहायला आलेला माणूस ठेवतो. रुकय्याने ते पाहिलं.

मर्दिया मागच्या पायरीवर बसली होती. उठायला गेली तर डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की पहाटेपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. तिने आजूबाजूला पाहिलं. नारळ खवणाऱ्या बायका खांबांना टेकून बसल्या होत्या. बुस्तामी ओसरीत आडवा झाला होता, काहिलीच्या धगीने तोंड भाजून निघालेलं. रुकय्या अजून ताटं धूत होती.

मर्दिया काहिलींकडे गेली. एकेक झाकण उचललं. हंडा पाहिला. तिचा हिशोब तंतोतंत बरोबर आला होता. एक शीतसुद्धा नव्हतं.

ढोलवाल्यांची तोंडं तिने मोजली होती. रांधणाऱ्यांची मोजली नव्हती.

वरून नेकची हाक आली. सगळ्या बायका, बुस्तामी आणि त्याची माणसं, हात पुसत वर गेली. नेकने जरीचा कपडा काढून घडी घातली आणि वेताचं झाकण बाजूला ठेवलं. भात अजून कोमट होता. मांडीचे तुकडे होते, चरबी वर आलेली. सगळे ताटाभोवती बसले आणि पहिले काही घास कोणी बोललं नाही. भुकेल्या माणसांचं जेवण असंच असतं, त्यात बोलायला जागा नसते.

मर्दियाने हात घातला नाही. "नेक," ती म्हणाली, "झाकायचंच होतं तर रिकामं ताट झाकलं असतं. दिसायला तेच."

"मग मला तिला विचारता आलं नसतं," नेक म्हणाली. "खोट्याला राखण लागते, पोरी. भरलेलं ताट आपलं आपण बसून राहतं."

तिने तोंडातला विडा बाहेर काढून पिकदाणीत टाकला. जेवायच्या आधी तिला बोलायचं होतं, आणि पान तोंडात ठेवून ती महत्त्वाचं बोलत नसे.

"तुझ्या हिशोबात चूक नव्हती. पण पाहुण्याचं पोट रश्शाने भरत नाही. अजून आहे हे डोळ्यांना दिसलं की भरतं. तळ दिसला तर जेवलेला माणूससुद्धा घाबरून पुन्हा हात घालतो. हे झालं पाहुण्यांचं. आता घरच्यांचं ऐक. कार्य उरकल्यावर घरची बाई काय जेवते? उरलेलं. तिचं ताट कोणी मांडत नाही, कारण सगळ्यांना वाटतं काहीतरी उरेलच. तू तर उरणंच बंद केलंस. मग तिने काय खावं, तुझी शाबासकी? उरलेलं शेवटी काढलं तर ते खरकटं होतं. तेच आधी काढलं तर बरकत होते. अन्न तेच असतं, वेळ बदलते." ती जरा थांबली. "बहिणीच्या लग्नात बदकांनी खाल्लेला भात तू चार वर्षं सांगतेयस. त्या दिवशी तुझी आई काय जेवली, ते पाहिलं होतंस?"

मर्दियाला आठवलं. आई चुलीजवळ चटईवर पडली होती, डोक्याशी पाण्याचा तांब्या. भात बाहेर टाकून आलेल्या पुरुषांनी तिला विचारलं नव्हतं, आणि मर्दिया बदकं बघायला उभी राहिली होती. तिला आईचा चेहरा आठवेना. बदकांचे पाय आठवत होते.

 

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आत्या परत आली होती. चांदीचा पानाचा डबा चटईवर राहिला होता तो घ्यायला. दारात तिने पाहिलं: उघडलेलं ताट, आणि त्याभोवती घामाने भिजलेल्या, धुराने माखलेल्या बायका, तोंडात घास धरून तिच्याकडे बघणाऱ्या. रुकय्याचा हात तोंडापाशीच थांबला. आता काय ऐकायला मिळतंय ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

 आत्याने त्या ताटाकडे पाहिलं, रुकय्याच्या ओल्या, सुरकुतल्या बोटांकडे पाहिलं. ज्या बाईने दुसऱ्याचं पोर वाढवलं आहे, तिला शेवटी जेवणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही.

नेक जरा सरकली. "ये. दुपारी कुठे धड जेवलीस? सगळा वेळ तर डोळे काहिलीत घालून बसली होतीस."

बुस्तामीला ठसका लागला. आत्याच्या ओठाचा कोपरा हलला. ती खाली बसली, हात धुतला, फणसाचा एक तुकडा उचलला. समोर मांडीचा चांगला तुकडा होता, तो तिने बोटाने रुकय्याच्या बाजूला सरकवला.

"तुम्ही खा आधी, विहीणबाई," ती म्हणाली.

रुकय्याने खाल्लं. मग मर्दियानेही हात धुतला.

पुढच्या हंगामात नदीच्या वरच्या गावात एक लग्न निघालं आणि मुलीच्या बापाने मर्दियाला बोलावून सांगितलं की बाई, ऐपत बेताची आहे, सगळं नेमकं बसवा, काही उरू नये. मर्दियाने त्याचं ऐकून घेतलं आणि घरात वळून म्हणाली, "आधी एक मोठं ताट काढा."

तेव्हा ऐपत कितीही असो, वाढणारीचं ताट आधी झाका आणि मग पाहुण्यांना हाक मारा.